शब्दाला चोवीस वर्षं, खुनाला मोकळं रान
नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला अहमद टिनुबू यांना खुलं पत्र

महोदय,

तुमच्या घरात शुक्रवारची नमाज आणि रविवारची प्रार्थना एकाच छपराखाली होते. तुम्ही मुसलमान आहात आणि तुमच्या पत्नी ओलुरेमी टिनुबू या रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडच्या दीक्षा घेतलेल्या पाद्री आहेत. २०२३ च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदासाठी तुम्ही कशिम शेट्टिमा यांना सोबत घेतलंत. दोन्ही उमेदवार मुसलमान म्हणून देशभर गदारोळ उठला, तेव्हा तुमच्या बाजूच्या लोकांनी याच घराकडे बोट दाखवलं. ज्याच्या घरात दोन धर्म सुखानं राहतात तो देशात एकाच धर्माचं राज्य कसं आणेल, असं ते विचारत होते. मला ते म्हणणं पटलं होतं. तुमच्या योरुबा समाजात एक भाऊ मशिदीत जातो, बहीण चर्चमध्ये गाते आणि आजोबा ओशुन देवीच्या उत्सवाला न चुकता हजर असतात. ईद आणि नाताळ अशी दोन्ही जेवणं तिथं एकाच पंगतीला होतात. हे सगळं मी वाचत आलो आहे आणि जगानं नायजेरियाकडून शिकावं असं काही असेल तर ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून हे पत्र कानोच्या गव्हर्नरना किंवा सोकोटोच्या सुलतानांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. तुमच्या देशात धर्माच्या नावानं झालेल्या दोन घटना मला शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत. पण त्या एकत्र ठेवून पाहिल्या की तुमच्या राज्यव्यवस्थेबद्दल त्या जे सांगतात, ते एकेकट्या सांगत नाहीत.

पहिली घटना सोकोटोची. १२ मे २०२२, गुरुवार. शेहू शगारी अध्यापक महाविद्यालयात देबोरा सॅम्युअल नावाची विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला होती. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. परीक्षा, असाइनमेंट अशा कामांसाठी काढलेल्या त्या ग्रुपवर धार्मिक मजकूर यायला लागला, तेव्हा तिनं हरकत घेतली. तिच्या बोलण्यात पैगंबरांचा अवमान झाला असं काही जणांनी ठरवलं आणि जमाव गोळा झाला. महाविद्यालयाच्या सुरक्षारक्षकांनी तिला आपल्या खोलीत लपवायचा प्रयत्न केला. जमावानं तिला तिथून ओढून काढलं, दगडांनी आणि काठ्यांनी मारलं आणि मग जाळलं. हे सगळं भर दिवसा महाविद्यालयाच्या आवारात घडलं. त्याची मोबाइलवर चित्रफीत काढली गेली. त्या चित्रफितीत काही जण चेहरा न लपवता बोलत होते.

पुढं काय झालं? दोघांना अटक झाली. त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला नाही. कट रचणं आणि सार्वजनिक शांतता भंग करणं, एवढ्यावरच भागवलं गेलं. त्यांच्या बाजूनं न्यायालयात चौतीस वकिलांची फौज उभी राहिली. अटक केलेल्यांना सोडा म्हणून शहरात मोर्चे निघाले, सुलतानांच्या राजवाड्याला वेढा पडला, कॅथलिक कॅथेड्रलवर हल्ला झाला, संचारबंदी लावावी लागली. सुलतान साद अबूबकर यांनी खुनाचा निषेध केला होता, त्याची किंमत त्यांना स्वतःच्या दारात मोजावी लागली. माजी उपाध्यक्ष अतिकू अबूबकर यांच्या खात्यावरून निषेधाचं ट्वीट आलं आणि धमक्या सुरू होताच काढून टाकलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोघांना सोडून दिलं, कारण खटला चालवायला सरकारी पक्ष तारखांना फिरकलाच नव्हता. साक्षीदार उलटले किंवा पुरावा कमी पडला असं झालंच नाही. राज्यव्यवस्था नुसती आलीच नाही.

या प्रकरणाचं आणखी एक शेपूट आहे. बाउची राज्यातल्या एका आरोग्य कर्मचारी स्त्रीनं, पाच मुलांच्या आईनं, देबोराच्या खुनाचा निषेध करणारी एक चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं पाठवली. तिला अटक झाली. दीड वर्षाहून अधिक काळ ती तुरुंगात होती. २०२३ च्या डिसेंबरात तिला जामीन मिळाला आणि आणखी एक वर्षानं ती निर्दोष ठरली. खून करणारे सुटले आणि खुनाबद्दल हळहळणारी कोठडीत बसली.

दुसरी घटना कानोची. मुबारक बाला हे कानोत जन्मलेले रसायन अभियंता, धर्माभ्यासकांच्या घराण्यातले. २०१४ मध्ये त्यांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं, तेव्हा घरच्यांनी त्यांना मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात डांबलं. ते रुग्णालय अमिनू कानो यांच्या नावाचं आहे. उत्तरेतल्या गरीब रयतेसाठी अमिरांच्या सत्तेला आयुष्यभर आव्हान देणारे ते शिक्षक. त्यांच्या नावाच्या इमारतीत एका माणसाला त्याच्या विचारांसाठी कोंडून ठेवलं गेलं. पुढं बाला नायजेरियातल्या मानवतावादी संघटनेचे अध्यक्ष झाले. २८ एप्रिल २०२० रोजी कदुनात साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी त्यांना उचललं आणि कानोला नेलं. कारण फेसबुकवरच्या त्यांच्या नोंदी. तेव्हा त्यांचं बाळ सहा आठवड्यांचं होतं. नवरा जिवंत आहे की नाही हेसुद्धा त्यांच्या पत्नीला कित्येक महिने कळलं नाही. वकिलाची भेट व्हायला ऑक्टोबर उजाडला. डिसेंबरात अबुजाच्या केंद्रीय उच्च न्यायालयानं ही अटक बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला, अडीच लाख नायरा भरपाई द्या म्हणून सांगितलं. तो आदेश कुणीही पाळला नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी बालांनी अठरा आरोपांवर गुन्हा कबूल केला आणि त्यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली. मे २०२४ मध्ये अपील न्यायालयानं ती अवाजवी म्हणून पाच वर्षांवर आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बाहेर आले.

देबोराचा खून आणि बालांची शिक्षा यांच्यात जेमतेम पाच आठवड्यांचं अंतर आहे. एकाच देशात, त्याच उत्तरेत. फेसबुकवरच्या लिहिण्याला चोवीस वर्षं, आणि माणूस जाळण्याबद्दल कुणालाही एक दिवसाची शिक्षा नाही. धार्मिक हिंसेवर तुमच्याकडे परिषदा होतात, धर्मगुरूंच्या सलोखा समित्या बसतात, श्रद्धेच्या अतिरेकावर व्याख्यानं होतात. ते होऊ द्यावं. पण सोकोटोच्या त्या आवारात जमलेल्या पोरांना सलोख्याचे धडे कमी पडले होते असं मला वाटत नाही. आपल्याला काही होणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २०१६ मध्ये कानोच्या बाजारात चौऱ्याहत्तर वर्षांच्या ख्रिस्ती दुकानदार बाईला अशाच आरोपावरून मारलं होतं. त्याही खटल्यातले आरोपी काही महिन्यांत सुटले होते. त्या पोरांनी तेवढा धडा नीट गिरवला होता.

तुम्ही म्हणाल, भारतातल्या एका मराठी माणसाला यात बोलायचं काय कारण? कारण आहे, आणि ते तुमच्या कायद्याच्या पुस्तकातच आहे. बालांवर आरोप ठेवले गेले ते कानोच्या दंडसंहितेच्या कलम २१० आणि ११४ खाली. ही संहिता १९६० च्या उत्तर नायजेरियाच्या दंडसंहितेतून आली, ती सुदानच्या संहितेवरून बेतलेली होती आणि सुदानमध्ये इंग्रजांनी १८९९ मध्ये जी संहिता आणली ती १८६० च्या भारतीय दंडविधानाची प्रत होती. आमच्या नव्या न्यायसंहितेतही धर्मभावना दुखावण्याची जुनी कलमं नवे क्रमांक घेऊन बसली आहेत. तेव्हा कानोत बालांना ज्या कायद्यानं तुरुंगात टाकलं तो आमच्याच घराण्यातला आहे. त्याचे दुर्गुण आम्हाला आतून माहीत आहेत.

त्यातला सगळ्यात मोठा दुर्गुण असा. कलम २१० धर्माच्या अवमानाला गुन्हा म्हणतं, पण कोणता अवमान? ज्यामुळं शांतता भंगण्याचा संभव आहे तो. वाचताना हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात गुन्ह्याचं मोजमाप बोलणाऱ्याच्या शब्दांवरून होत नाही, ऐकणाऱ्याच्या रागावरून होतं. शांत समाजाबद्दल काहीही लिहा, गुन्हा होत नाही. जो गट दगड घेऊन बाहेर येतो त्याच्याबद्दल लिहिलेलं मात्र गुन्हा ठरतं. म्हणजे दगड उचलणं हाच पुरावा गोळा करण्याचा मार्ग झाला. इंग्रजांना इथल्या माणसांच्या विचारस्वातंत्र्याची फिकीर नव्हती, त्यांना बाजारपेठा शांत हव्या होत्या. त्यांच्या सोयीचा तो कायदा स्वतंत्र देशांनी जपून ठेवला, आणि त्या त्या ठिकाणच्या जमावांनी तो किती उपयोगी आहे हे लगेच ओळखलं.

कानोत त्याच्या जोडीला २००० सालची शरियत दंडसंहिता आहे. तिच्या कलम ३८२ मध्ये पैगंबरांच्या अवमानाला देहदंड सांगितला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये एका तरुण गायकाला एका गाण्यातल्या ओळींवरून फाशी सुनावली गेली. तो मुसलमान, तिजानी सूफी पंथाचा. आपल्या पंथाच्या एका गुरूची स्तुती करताना त्यानं मर्यादा ओलांडली असा आरोप होता. त्याच सुमारास तेरा वर्षांच्या एका मुलाला दहा वर्षांची कैद झाली होती. तेव्हा आउश्वित्झ स्मारकाच्या संचालकांनी तुमच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून त्या मुलाच्या शिक्षेतला काही भाग आपण भोगायला तयार आहोत असं कळवलं होतं. मुलगा पुढं सुटला. गायकाला सुनावलेली शिक्षा वरच्या न्यायालयानं बाजूला ठेवून फेरसुनावणी सांगितली, तरी तो तुरुंगातच राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

मला माहीत आहे, शरियतीबद्दल बोलताना बाहेरच्या माणसानं फार सांभाळून बोलावं. १९९९ मध्ये झाम्फाराच्या गव्हर्नरांनी ती लागू करण्याची घोषणा केली तेव्हा लाखो गरीब माणसं आनंदानं रस्त्यावर आली होती. वर्षानुवर्षं लष्करशाही भोगलेली, लाच दिल्याशिवाय न्यायालयाची पायरी न चढू शकणारी ती माणसं होती. काझी पैसे खाणार नाही, मोठ्या चोरालाही शिक्षा होईल, अशी त्यांची आशा होती. त्या आशेला नावं ठेवणारा मी कोण? पण मार्च २००० मध्ये झाम्फारात पहिला हात तोडला गेला तो गाय चोरणाऱ्या एका गरिबाचा. सरकारी तिजोरीवर हात मारणाऱ्या एकाही बड्या माणसाचं बोटसुद्धा कापलं गेलं नाही. ज्यांनी न्याय मागितला त्यांच्याच वाट्याला शिक्षा आली, आणि धर्माचं नाव पुढं केल्यामुळं त्याविरुद्ध बोलायची सोय राहिली नाही. ईश्वरनिंदेच्या कायद्यांतूनही हेच घडतं. बाउचीची ती आई, कानोचा तो गायक, सोकोटोच्या कत्तलखान्यात २५ जून २०२३ रोजी, तुमच्या शपथविधीनंतर महिनाही उलटला नसताना, दगडांनी ठेचून मारला गेलेला खाटीक. यात सत्तेच्या आसपासचं कुणीही नाही. तो खाटीकही मुसलमानच होता.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. तुमच्या देशातल्या हिंसेची गणती परदेशात बसलेले लोक आपापल्या सोयीनं करतात. कुणी फक्त ख्रिस्ती मृतांचे आकडे मांडतं, कुणी फक्त मुसलमान. पण २००६ मध्ये डॅनिश व्यंगचित्रांवरून मैदुगुरीत ख्रिस्ती लोकांची घरं आणि चर्चं जाळली गेली, तेव्हा काही दिवसांतच दक्षिणेत ओनित्शामध्ये उत्तरेकडच्या मुसलमानांना शोधून शोधून मारलं गेलं. मे २००४ मध्ये प्लॅटो राज्यातल्या येल्वा गावात ख्रिस्ती टोळ्यांनी सुमारे सातशे मुसलमानांची कत्तल केली. त्याच्या तीन महिने आधी त्याच गावात चर्चच्या आवारात ख्रिस्ती माणसं मारली गेली होती. आणि बोको हरामनं चिबोकच्या २७६ मुली पळवल्या, तशाच कितीतरी मशिदींत नमाज पढणारी माणसं बॉम्बनं उडवली. प्लॅटोतल्या भांडणाच्या मुळाशी तर धर्म फार उशिरा येतो. आधी येतो तो मूळ रहिवासी कोण आणि उपरा कोण हा दाखल्याचा प्रश्न. त्या एका दाखल्यावर सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, महाविद्यालयातला प्रवेश अवलंबून असतो. त्याच्या जोडीला शेतकऱ्याची जमीन आणि फुलानी गुराख्याची चराई. भूमिपुत्रांचं राजकारण आम्ही महाराष्ट्रात पुरेसं पाहिलं आहे, त्यामुळं ते तिथं कसं पेटत असेल याचा अंदाज करता येतो.

प्लॅटोची राजधानी जॉस इथल्या दंगलींनंतर एकामागून एक चौकशी आयोग बसले. अहवाल आले, कपाटात गेले. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आमच्याकडे असाच पडून आहे, हे लिहिताना मला लाज वाटते.

धर्माच्या नावानं होणारी सगळी हिंसा दोन धर्मांमधली असते असंही नाही. अक्वा इबोम आणि क्रॉस रिव्हर राज्यांत लहान मुलांना चेटूक येतं म्हणून पाद्रीच सांगत. घरात बाप वारला, धंदा बुडाला, की त्याचं खापर सात-आठ वर्षांच्या पोरावर फुटे. मग मंतरलेलं काहीबाही पाजणं, उपाशी ठेवणं, जाळणं आणि शेवटी रस्त्यावर सोडून देणं. एकेत गावाजवळच्या एका निवाऱ्यात अशी टाकून दिलेली मुलं शेकड्यांनी येऊन राहिली होती. २००८ मध्ये अक्वा इबोमनं मुलांवर असा आरोप करणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्यावर सही करणारे तेव्हाचे गव्हर्नर गॉडस्विल अक्पाबियो २०२३ मध्ये तुमच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. २९ जुलै २००९ रोजी कॅलाबारमध्ये मानवतावादी कार्यकर्ते लिओ इग्वे यांनी या मुलांच्या हक्कांवर परिषद भरवली. लिबर्टी गॉस्पेल चर्चच्या सुमारे दोनशे अनुयायांनी ती उधळली, इग्वेंना मारहाण केली, त्यांचं सामान लुटलं. इग्वे थांबले नाहीत. चेटकीण ठरवल्या गेलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या, पोरांच्या बाजूनं ते गावोगाव उभे राहत आले आहेत, पोलिसांच्या, वकिलांच्या मागं लागत आले आहेत.

दक्षिणेत लागू असलेल्या तुमच्या फौजदारी संहितेत कलम २०४ धर्माच्या अवमानाबद्दल आहे आणि कलम २१० कुणालाही चेटकीण ठरवण्याबद्दल. दोन्हींना कमाल शिक्षा दोन वर्षं. भावना दुखावण्याचं कलम सगळ्यांना पाठ असतं. चेटकीण म्हणून म्हातारीला जिवंत जाळायला निघालेल्यांच्या विरोधात दुसऱ्या कलमाची आठवण पोलिसांना करून द्यायला इग्वेंसारखा माणूस ठाण्यात जाऊन बसावा लागतो.

मानवतावाद हे गोऱ्यांचं खूळ आहे, आफ्रिकेच्या मातीत ते रुजणार नाही, असं तुमच्याकडचे मौलवी आणि पाद्री दोघंही एका सुरात म्हणतात. त्यांना इकेन्ने गावातली मेफ्लॉवर शाळा दाखवावी. ताई सोलारिन यांनी १९५६ मध्ये ती काढली. त्याआधी ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेत धर्मशिक्षण आणि प्रार्थना सक्तीची असू नये या मुद्द्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. मग स्वतःच्या शाळेत मुलांना शेती, सुतारकाम, विज्ञान शिकवलं. देवळाची, चर्चची, मशिदीची सक्ती ठेवली नाही. लष्करी राजवटींनी त्यांना तुरुंगात टाकलं तरी अर्ध्या चड्डीतला हा माणूस बोलायचा थांबला नाही. तुमच्या योरुबा प्रदेशातला, तुमच्याच भाषेत विचार करणारा माणूस. आणि सोकोटोचं म्हणाल, तर देबोरा जिथं मारली गेली त्याच शहरात सोकोटो खिलाफतीचे संस्थापक उस्मान दान फोदियो यांची कन्या नाना अस्माउ यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी शिक्षिकांच्या तुकड्या तयार केल्या होत्या. त्या धर्मनिष्ठ होत्या, कवयित्री होत्या, चार भाषांत लिहीत. बायकांनी शिकावं म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. सोकोटोचा वारसा सांगायचा तर तोही सांगितला पाहिजे.

जून २०१८ मध्ये प्लॅटोच्या न्घार गावात इमाम अब्दुल्लाही अबूबकर यांनी २६२ ख्रिस्ती गावकऱ्यांना आपल्या घरात आणि मशिदीत लपवलं. हत्यारं घेऊन आलेल्यांसमोर ऐंशी ओलांडलेला हा माणूस आडवा झाला, माझा जीव घ्या म्हणाला, पण दार उघडलं नाही. माझ्या काही मानवतावादी मित्रांना अशा माणसाला मानवतावादी म्हणून आपल्या यादीत ओढायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ते इमाम होते आणि इमाम म्हणूनच वागले. कदुनात पाद्री जेम्स वुये आणि इमाम मोहम्मद अशाफा हे एकेकाळी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांत होते. १९९२ च्या दंगलीत वुयेंचा उजवा हात गेला, अशाफांचे दोन भाऊबंद आणि गुरू मारले गेले. पुढं दोघांनी मिळून सलोख्याचं केंद्र काढलं. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही, उलट एकमेकांचं धर्मांतर व्हावं असं मनातून वाटतं हेही ते मोकळेपणानं सांगतात. माझ्या मते मानवतावाद्यांनी अशा श्रद्धाळू माणसांशी भांडण काढण्यात काही अर्थ नाही. मुबारक बाला आणि न्घारचे इमाम यांची देवाबद्दलची मतं कधीच जुळणार नाहीत, आणि जुळायची गरजही नाही. गरज आहे ती दोघांनाही त्याच कायद्याचं, त्याच पोलिसांचं संरक्षण मिळण्याची.

आणि इथंच हा प्रश्न तुमच्याकडे येतो. तुमचे मंत्री सांगतील की कायदे राज्यांचे आहेत, अबुजाला हात घालता येत नाही, घातला तर उत्तर पेटेल. पण पोलीस राज्यांचे नाहीत. तुमच्या राज्यघटनेप्रमाणं देशात एकच पोलीस दल आहे आणि ते केंद्राचं आहे. बालांना कदुनातून उचलणारे पोलीस केंद्राचे होते. देबोराला वाचवू न शकलेले, तिचा खटला तारखेला न जाऊन बुडवणारेही त्याच दलाचे. राज्यघटनेचं कलम १० कुठल्याही राज्याला राज्यधर्म स्वीकारू देत नाही. कलम ३८ विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं, धर्म बदलण्याचंही. ९ एप्रिल २०२५ रोजी पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या न्यायालयानं कानोची ही दोन्ही कलमं, २१० आणि ३८२, आफ्रिकी मानवाधिकार सनदेशी विसंगत ठरवली. लंडन किंवा जिनिव्हातल्या न्यायालयाचा हा निकाल नाही. अबुजातच बसणाऱ्या, आफ्रिकी न्यायाधीशांच्या न्यायालयाचा आहे, आणि तो आला तेव्हा त्या समुदायाच्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेचे अध्यक्ष तुम्ही होतात. कानो सरकारनं तो मानायला नकार दिला.

मी हे सगळं उंचावर बसून लिहीत नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते. तो कायदा आमच्या सरकारनं त्यांचा खून झाल्यावर आणला. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. कट कुणी रचला हे मात्र न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर दीड वर्षानं कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. गोमांसाच्या संशयावरून माणसं ठेचून मारणारे जमाव आमच्या देशातही आहेत आणि जामिनावर सुटल्यावर त्यांच्या गळ्यात हार पडलेलेही आम्ही पाहिले आहेत. तुमच्या सोकोटोतल्या त्या दिवसाचा अर्थ आम्हाला लगेच कळतो तो यामुळंच. पहिला खून पचला की दुसऱ्या खुनाला धाडस लागत नाही, हे आम्ही पाहत आहोत.

लष्करशहा सानी अबाचांच्या काळात तुम्हाला स्वतःला देश सोडून राहावं लागलं होतं. बोलल्याबद्दल सरकार माणसाच्या मागं लागतं तेव्हा काय होतं, हे तुम्हाला कुणी परक्यानं समजावून सांगायला नको. म्हणून स्पष्ट मागतो. देबोरा सॅम्युअलच्या खुनाचा तपास केंद्राच्या पोलिसांनी नव्यानं करावा आणि या वेळी आरोप खुनाचाच असावा. सोकोटोच्या त्या खाटकाच्या बाबतीतही तसंच. ईश्वरनिंदेच्या आरोपावरून कुणाला जमावाच्या हातून वाचवण्यात जे पोलीस अधिकारी कुचराई करतील त्यांना घरी पाठवावं, आणि एकाला तरी पाठवलं हे देशाला दिसावं. कानोच्या गायकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर तुमच्या सरकारचे महान्यायवादी काय भूमिका घेतात याकडे उत्तरेतला प्रत्येक न्यायाधीश आणि प्रत्येक जमाव लक्ष देऊन आहे. त्यांनी कलम १० आणि ३८ च्या बाजूनं उभं राहावं, गप्प बसू नये. अक्पाबियो यांनी आपल्या राज्यात केलेला मुलांचा कायदा देशभर अमलात कसा येईल हे त्यांच्याच सिनेटमध्ये मांडलं जावं.

राजकीयदृष्ट्या यातलं काहीही सोपं नाही. अतिकूंचं ट्वीट का मागं गेलं हे मला कळतं, उत्तरेतली मतं कशी मोजली जातात हेही कळतं. पण तुमच्या घरात हे दोन धर्म एकत्र जेवायला बसतात. तुम्ही बोललात तर उत्तरेत तुम्हाला परधर्मीय म्हणता येणार नाही आणि दक्षिणेत पक्षपाती म्हणता येणार नाही. हे बोलायला तुमच्याइतका मोकळा माणूस त्या पदावर पुन्हा कधी येईल याची खात्री नाही. सोकोटोचा तपास पुन्हा सुरू करण्याचा आदेश तुमच्या पोलीस महानिरीक्षकांना तुम्ही याच आठवड्यात देऊ शकता.

कळावे,

आपला नम्र,
महाराष्ट्रातला एक लेखक